पाणी उजव्या हाताला

"मी नर्मदा परिक्रमेला जाणार आहे," असं मी जेवताना जाहीर केलं आणि घरात कोणीही "नको" म्हणालं नाही.

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. खरं सांगायचं तर ते वाक्य मी नुसतं हवेत सोडून दिलं होतं. साठी उलटलेली, एक गुडघा कुरकुरणारा, नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. अशी बाई नदीभोवती महिनोन्‌महिने पायी फिरायला निघते म्हटल्यावर पोटच्या पोराने निदान हातातला घास तरी खाली ठेवावा की नाही? "आई, वेड लागलंय का तुला?" एवढं तरी म्हणावं. मग मी रुसले असते, त्यांनी माझी समजूत काढली असती आणि फार फार तर मी गाडीने ओंकारेश्वरला जाऊन दर्शन घेऊन आले असते. माझी तयारी एवढीच होती. पण मुलाने सुनेकडे बघितलं, सुनेने मुलाकडे बघितलं आणि सून म्हणाली, "खूपच छान, आई! कधी निघायचंय?"

कधी निघायचंय! जशी काही खाली रिक्षा थांबली होती.

माझी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. त्यातली निम्मी वर्षं तक्रारींच्या खिडकीवर गेली. समोरचा तोंड उघडायच्या आत तो काय लपवतोय याचा मला वास येतो. घरचे याला संशयी स्वभाव म्हणतात. मी अनुभव म्हणते.

आमचं घर भाईंदर पश्चिमेला. गिरगावातल्या चाळीतून इथे आलो तेव्हा मागच्या खिडकीतून मिठागरं दिसायची, आता शेजारच्या बिल्डिंगचे एसी दिसतात. ह्यांनी जाण्याआधी घर मुलाच्या नावावर करून टाकलं, पुढे कटकट नको म्हणून. पुढे कटकट कोणाला, ते काही सांगून गेले नाहीत. त्यामुळे त्या घरात माझी म्हणावी अशी एकच जागा उरली होती, मागची खोली. तिच्यात ह्यांचं लोखंडी कपाट, माझी कॉट आणि खिडकीत तुळस. मी इतके महिने घरात नसले तर परत येईन तेव्हा ती खोली माझी राहिलेली असेल का, हा प्रश्न मला त्या दिवशी ताकभात संपायच्या आत पडला होता.

दुसऱ्याच दिवशी खरेदी सुरू झाली. सून ऑफिसातून मोबाईलवर मागवायची आणि घरी मी दार उघडून खोकी घ्यायची. पहिली आली सॅक. तिला कमरेला पट्टा, छातीला पट्टा, खाली आणखी दोन दोऱ्या. सुनेने ती माझ्या पाठीवर चढवली, पट्टे ओढले आणि म्हणाली, "वजन खांद्यावर नाही आलं पाहिजे, आई. कमरेवर आलं पाहिजे." हे तिला कुठून कळलं? व्हिडिओ बघून. माझी पाठ गेल्या पावसाळ्यात धरली होती तेव्हा हिने एक व्हिडिओ बघितला नव्हता हो.

मग बूट. माझा नंबर पाच, हिने आणले सहा. दहा वर्षं एका घरात राहून सासूच्या पायाचा नंबर माहीत नाही! मी तोंडावर बोलून दाखवलं. ती शांतपणे म्हणाली, "रोज एवढं चाललं की पाय सुजतात, आई. शिवाय आत दोन मोजे घालायचेत, म्हणजे फोड येत नाहीत. एक नंबर मोठाच लागतो." मी लगेच मैत्रिणीला फोन लावला. ही माझी मीरा रोडची मैत्रीण, ऑफिसातली जुनी. एकदा परिक्रमा करून आलेली आणि आता पुन्हा निघालेली, तिच्याच बरोबर मी जाणार होते. ती म्हणाली, "बरोबर सांगतेय तुझी सून. माझी पहिल्या वेळी दोन नखं गेली." म्हणजे सून खरं बोलत होती. त्याने माझा संशय कमी झाला असेल असं वाटत असेल तर ते चूक आहे. सासूला घराबाहेर काढण्यासाठी एवढा अभ्यास! उगाच कोण करतं?

पांढऱ्या ड्रेसवरून तर मी दोन दिवस अबोला धरला. हे गेले तेव्हासुद्धा मी पांढरं अंगाला लावलं नव्हतं आणि हिने दोन जोड पांढरेफेक आणून माझ्या कॉटवर ठेवले. परिक्रमेत सगळे पांढरं घालतात, हे मलाही माहीत होतं. पण ते तिने आणून ठेवायचं? मग स्लीपिंग बॅग आली, तीही अशी जाड की मी विचारलं, "मला नर्मदेवर धाडताय की हिमालयात?" मुलगा हसला. सून हसली नाही, तिने नुसती घडी घातली.

मैत्रिणीचे नियम कडक होते. सॅक सहा किलोच्या वर जाता कामा नये. निघण्याआधी तेवढंच वजन घेऊन रोज चालायचं. आणि परिक्रमेचा मुख्य नियम म्हणजे नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ती कुठेही ओलांडायची नाही. सुनेने स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून तूरडाळ, तांदूळ आणि मीठ सॅकेत भरून दिलं आणि माझा सराव सुरू झाला.

रोज सकाळी मी घरून निघून मुर्धा, राई, मोर्वा असा उत्तनचा रस्ता धरायचे. जाताना मधेमधे घरं, मधेमधे मिठागरं, पण खाडी आपली उजव्या अंगाला. मला बरं वाटायचं. सरावाला सराव आणि नेमाला नेम. पंचाईत व्हायची ती परतताना. मागे फिरलं की खाडी डाव्या हाताला! आता ही वसईची खाडी आहे, नर्मदामैया नाही, एवढं मला कळतं. तरीसुद्धा पाय उचलत नसे. पायांना भलतीच सवय लागली तर? म्हणून मी येताना सरळ बस पकडायचे.

राईच्या स्टॉपवर एक कोळीण रिकामी पाटी घेऊन बसलेली असायची. चार दिवस तिने मला बघितलं आणि पाचव्या दिवशी विचारलं, "रोज चालत येतंस नि बसनं जातंस, असा कसा गो? जाताना चालवत न्हाय काय?"

"चालवतं की. पण जाताना पाणी डाव्या हाताला येतं," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या सॅककडे बघितलं आणि बाकावर जरा पलीकडे सरकून बसली.

घरी मी या बसचा पत्ता लागू दिला नव्हता. सराव अर्धाच होतोय म्हटल्यावर सुनेने डाळ वाढवली असती. म्हणून स्टेशनला उतरून मी देवळात बसायचे आणि चालत आले असते तर जेवढा वेळ लागला असता तेवढा झाला की घरी जायचे. एक दिवस मात्र बूट फार चावत होते. म्हटलं, गेली ती डाळ उडत, आणि थेट घर गाठलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. माझ्या खोलीत एक परका माणूस टेप घेऊन उभा आणि टेपचं दुसरं टोक धरून आमची सून. वास्तविक तिने त्या वेळी ऑफिसात असायला हवं होतं. ह्यांच्या कपाटाची उंची मोजणं चाललं होतं.

"आई! आज लवकर?" ती म्हणाली. तिच्या हातून टेप सुटला आणि सटकन गुंडाळला गेला.

"कोण हे?"

"ते... गळती बघायला आलेत. भिंतीची."

गळती कपाटाच्या उंचीत असते हे मला नवीन होतं. पण मी काही बोलले नाही. समोरचा खोटं बोलायला लागला की त्याला आपण मधे थांबवू नये, हे मी खिडकीवर शिकले होते. तो माणूस माझ्याकडे न बघता चपला घालून गेला. सूनबाईंनी मला पाणी आणून दिलं, बूट काढायला मदत केली, वर कोकमाचं तेलही लावलं. एवढी साखर पेरली की माझी उरलीसुरली खात्री पटली. माझी पाठ फिरली की कपाट जाणार, कॉट जाणार आणि खोलीत हिचं ते घरून काम करायचं टेबल येणार.

त्या दिवसापासून मी डोळ्यात तेल घालून राहिले. कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये घेऊन फिरायला लागले. कपाटाच्या दोन दारांमधे शिवणाचा दोरा अडकवून ठेवला, कोणी उघडलं तर कळावं म्हणून. दोरा रोज जागच्या जागी असायचा आणि त्याचाही मला राग यायचा.

सॅकेवरून तर आमची रोज जुंपायची. सून काट्यावर एकेक वस्तू ठेवून बाहेर काढायची. शाल काढली, स्लीपिंग बॅग आहे म्हणून. पोथी काढली, मोबाईलवर आहे म्हणून. ह्यांचा ऑफिसला न्यायचा स्टीलचा डबा काढला, ताटली पुरे म्हणून. टूथब्रशची दांडीसुद्धा तिने अर्धी कापून टाकली. मी सगळं पुन्हा आत घालायचे, ती पुन्हा काढायची. "तुमच्याच पाठीवर येणार आहे ना, आई," ती म्हणायची. मी मनात म्हणायचे, पाठीवरचं बघू नंतर, आधी पाठीमागचं बघू.

आणि मग समोरच्या गुजराती बेन बोलून गेल्या. आमच्या मजल्यावर मी आणि त्या दोघीच जुन्या, एकाच वर्षी राहायला आलेल्या. मी दूध घेऊन वर येत होते, त्या दारात उभ्या होत्या.

"अच्छा है आंटी, आप जा रहे हो," त्या म्हणाल्या. "आप आओगे तब तक सब टूट के साफ हो गया होगा. मेरे को तो यहीं रह के देखना पडेगा."

"क्या टूटेगा?" मी विचारलं.

बेनचा हात तोंडावर गेला. "बेटे ने बोला नहीं?" असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. माझ्या हातातली दुधाची पिशवी गळायला लागेपर्यंत मी तिथेच उभी होते.

संध्याकाळी दोघं घरी आली. मी सॅक आणली आणि हॉलमध्ये फरशीवर पालथी केली. बूट, मोजे, पांढरे ड्रेस, कापलेला ब्रश, सगळं पसरलं. त्याच्या मधोमध मी मांडी घालून बसले.

"आता मला सांगा," मी म्हटलं. "मी परत येणार आहे ती कुठे?"

मुलगा सोफ्यावर बसला आणि एकेक सांगायला लागला. बिल्डिंग पाडायचं ठरलं होतं. रीडेव्हलपमेंटच्या गप्पा आमच्याकडे इतकी वर्षं चालू होत्या की मी त्या कानाआड टाकायला शिकले होते, सभांना मुलगाच जायचा. पण या वेळी खरंच ठरलं होतं. सगळ्यांनी घरं रिकामी करायची होती आणि ती नेमकी मी नर्मदेवर असताना. या दोघांनी भाईंदर पूर्वेला, गोडदेवला एक घर भाड्याने बघून ठेवलं होतं. तो टेपवाला सामान हलवणारा होता. तिथल्या जिन्यातून ह्यांचं कपाट वर जाणार नव्हतं.

"मग मला सांगायला तोंडं शिवली होती का तुमची?"

"सांगितलं असतं तर तू गेली नसतीस," मुलगा म्हणाला. "कपाट उघडून बसली असतीस. बाबांच्या एकेका शर्टापाशी रडत बसली असतीस. तूच म्हणालीस परिक्रमेला जायचंय. आम्हाला वाटलं, बरंच झालं, तू तिकडे असताना इकडचं सगळं उरकून जाईल. तुला बघायला नको."

"म्हणजे मी इतकं चालून येणार आणि पत्रे ठोकलेल्या खड्ड्यापुढे उभी राहणार! आणि मग तुम्ही मला सांगणार, आई, इथे आपलं घर होतं!"

मला भयंकर राग आला होता. खरं तर माझा संशय बरोबर निघाला होता. लोक मला उगाच नावं ठेवतात, हे सिद्ध झालं होतं. पण त्याचा काडीचा आनंद झाला नाही. खोली कोणी बळकावत नव्हतं. खोलीच राहणार नव्हती. आणि एवढं सगळं बोलून झालं तरी "मग राहू दे, आई, जाऊ नकोस" हे काही त्या दोघांपैकी एकाच्याही तोंडून निघालं नाही.

मी मैत्रिणीला फोन करून सांगितलं की आठवडाभर थांब. ती चरफडली, पण थांबली. म्हटलं, माझ्या घरातलं सामान माझ्या हाताने बांधेन, मगच निघेन. सुनेने रजा घेतली. मी तिला म्हटलं नव्हतं, तिने आपणहून घेतली. मी कपाटाचं कुलूप काढलं तेव्हा तो दोरा खाली पडला. तिने तो उचलला, बघितला आणि काही न विचारता खिडकीत ठेवून दिला. तिला कळलं असणार. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

सॅक भरायची जी रीत तीच आम्ही घराला लावली. वस्तू उचलायची आणि विचारायचं, ही मी पाठीवर घेऊन चालेन का? पितळेचे डबे, लग्नातलं ताट, पाहुण्यांसाठी जपलेल्या चादरी. उत्तर बहुतेक वेळा नाही असं यायचं. ह्यांचे शर्ट काढताना मी रडले, पोराचं म्हणणं खोटं ठरवता आलं नाही. सून शेजारी बसून घड्या घालत होती. एक शर्ट तिने बाजूला ठेवला. म्हणाली, "हा मऊ आहे, आई. स्लीपिंग बॅगमध्ये उशीला होईल. वजन काही नाही याचं." काट्यावर न ठेवता तिने सॅकेत घातलेली ही पहिली वस्तू.

राहिलं कपाट. भंगारवाल्याला द्यायला माझं मन होईना. मी राईच्या स्टॉपवर गेले, या वेळी सॅक न घेता. कोळीण होतीच. म्हटलं, "लोखंडी कपाट आहे, चांगलं दणकट. हवंय का? फुकट आहे."

"फुकट?" तिने डोळे बारीक केले. "का गो? काय झालंय त्याला?"

"काही नाही झालेलं. बिल्डिंग पडतेय आमची."

"मंग माणसं टाकतात ती विकून. तू फुकट का देतंस?" तिने आणखी बरंच विचारलं. कोणाचं होतं, ते माणूस कशाने गेलं, आत काय राहिलंय का. मला ती फार आवडली. दुसऱ्या दिवशी दोघा भावांना घेऊन, टेम्पो घेऊन ती आली. कपाट आतून बाहेरून ठोकून बघितलं आणि मगच नेलं.

निघायच्या दिवशी घरात बोललेलं घुमत होतं. माझ्या खोलीत कपाटाच्या जागी भिंतीवर जुन्या रंगाचा एक उभा पट्टा उरला होता. तुळस खोक्यात बसून गोडदेवला जायला तयार होती. सुनेने शेवटचं एकदा सॅकला काट्यावर चढवलं, बरोबर सहा भरली. मग तिने स्वतःच्या पर्समधून एक किल्ली काढून आतल्या कप्प्यात टाकली आणि चेन लावली.

"ही कसली?" माझ्या तोंडून आपसूक गेलं.

"नव्या घराची. पुढच्या दाराची."

"वजन वाढेल की."

"वाढू दे."

मी ते घर अजून पाहिलंही नव्हतं. पाहायला चल म्हणून मुलगा दोनदा म्हणाला होता, मीच गेले नव्हते. मी सॅक पाठीवर घेतली. मुलगा रिक्षा बघायला गॅलरीत गेला. सून माझ्या पुढे येऊन कमरेचा पट्टा आवळायला लागली. मग छातीचा. त्याची क्लिप लावायला जेवढा वेळ लागतो त्याहून तिला फार जास्त लागत होता. क्लिप लागत नव्हती असं नाही. ती बोटं काढत नव्हती.

"आई," ती म्हणाली, "नका ना जाऊ."

मुलगा गॅलरीतून ओरडला, "अगं, आता काय हे! गाडी चुकेल आईची!" ती त्याच्याकडे वळलीच नाही. म्हणाली, "मला पहिल्या दिवशीच म्हणायचं होतं. म्हटलं, तुम्ही कधी नव्हे ते स्वतःसाठी काहीतरी मागितलंय, मी कोण आडवी येणारी? पण इथलं हे सगळं जाणार आणि तुम्हीपण घरात नाही. मला नाही जमणार, आई." आणि ती माझ्या पट्ट्याला धरून लहान पोरीसारखी रडायला लागली.

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. अगदी निरखून बघितलं, स्वभावच पडला. खोटं काही सापडलं नाही. आणि देवा, क्षमा कर, ती इतकी रडत असताना मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की गुडघ्याची कुरकुरसुद्धा त्या क्षणी थांबली. एवढंच ऐकायचं होतं मला. हे ती त्या दिवशी ताकभात खाताना म्हणाली असती तर मी गेलेच नसते.

मी तिचे डोळे माझ्या पांढऱ्या ओढणीने पुसले. म्हटलं, "क्लिप लाव नीट. आणि तुळशीला रोज पाणी घाल, नाहीतर बघ."

तिने क्लिप लावली.

"येते गं," म्हटलं आणि जिना उतरायला लागले.